सरांचं मानपत्र

मी डूख धरणारा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून भलती अपेक्षा ठेवायला नको. बायको म्हणते, तुम्ही लग्नाचा वाढदिवस विसराल पण झालेला अपमान विसरणार नाही. दोन्ही खरं आहे.

मूळचा मी कोल्हापूरचा. दोह्यात येऊन अकरा वर्षं झाली. राहतो मदिनत खलीफात, ऑफिस लुसैलमध्ये, आणि काम म्हणजे कुठल्या टॉवरचा कुठला मजला कधी पुरा होणार याची वेळापत्रकं करणं. पण कॉलेजात असताना तीन वर्षं मी फुटबॉल टीमचा गोलकीपर होतो, आणि शेवटच्या वर्षी फायनलच्या अर्धा तास आधी सरांनी, म्हणजे आमच्या कोचनी, मला काढलं.

कोल्हापूरचा फुटबॉल बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड. आमच्याकडे नाव विचारायच्या आधी पेठ विचारतात. पेठ कळली की हा कुणाच्या बाजूनं ओरडणार ते कळतं, मग नावाची फारशी गरज उरत नाही. आमचं कॉलेज एका पेठेत, माझं घर दुसऱ्या पेठेत. फायनलला समोरच्या कॉलेजकडून माझ्या गल्लीतली चार पोरं खेळत होती. मी ड्रेस घालून, ग्लोव्हज चढवून तयार होतो. ग्लोव्हज माझे स्वतःचे, थोरल्या बहिणीनं पुण्याहून आणलेले. सर समोर आले आणि अख्ख्या टीमसमोर म्हणाले, "ग्लोव्हज काढ. ह्याला दे." ह्याला म्हणजे दुसऱ्या गोलकीपरला, ज्यानं वर्षभरात एकही मॅच खेळली नव्हती.

"का सर?"

"समोर तुझ्या गल्लीतली पोरं हाईत. कोण कधी फुटंल सांगता येत न्हाई."

फुटणं. आमच्याकडे याच्याइतकी घाण शिवी नाही. आम्ही एक-शून्यनं जिंकलो. माझे ग्लोव्हज घातलेल्या त्या पोराला लोकांनी खांद्यावर घेतलं. पुढे कितीतरी महिने कॉलेजात माझ्या पाठीमागे "ह्यो फुटणार हुता" चालायचं, आणि गल्लीत पोरं डोळा मारून म्हणायची, "आमच्यासाठी बाहेर थांबलास व्हय?" दोन्हीकडून मीच चोर. त्यानंतर मी कधी गोलमध्ये उभा राहिलो नाही. आमची इथली मंडळी शनिवारी सकाळी अल दुहैलच्या एका शाळेच्या मैदानावर खेळतात, तिथेही मी शिट्टी वाजवतो.

आमच्या कॉलेजचे आम्ही अकराजण इथे आहोत. टीमच्या मॅच यूट्यूबवर दिसायला लागल्यापासून सगळे शुक्रवारी माझ्या घरी जमतात. तिकडे चार वाजता मॅच सुरू होते तेव्हा इथे दीड वाजलेला असतो. रत्नागिरीचा माझा मित्र, आमच्या वेळचा राइट बॅक, आता एका ट्रेडिंग कंपनीत स्टोअर सांभाळतो. तो जुम्म्याची नमाज आणि घरचं जेवण आटोपून येतो आणि नेहमी पहिला गोल चुकवतो. सगळ्यात धाकटा बँकेच्या आयटीत, दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला. तो तीन वर्षांपूर्वी सरांचा कॅप्टन होता.

हो, सर अजून तेच. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी टीम त्यांच्याचकडे होती. आणि गेल्या मोसमात टीम नुसती हरत होती. ओळीनं सहावी मॅच हरली त्या शुक्रवारी टीव्ही बंद करायच्या आधीच माझ्या हॉलमध्ये भांडण जुंपलं.

"लांब मारा, लांब मारा! तीस वर्षं एकच पाढा," एकजण म्हणाला. "आता कोण खेळतंय असं? खलास झालाय त्यांचा विषय."

धाकटा उसळला. "दादा, संस्थेनं निम्मं ग्राउंड पार्किंगला दिलंय. सरांनी प्रॅक्टिस काय गच्चीवर घ्यायची? एक सीझन द्या की त्यांना."

"मागच्या सीझनलाही तू हेच म्हणालास."

"मी सरांच्या हाताखाली सुधारलो," रत्नागिरीवाला शांतपणे म्हणाला. "मी सुधारलो म्हणजे कुणीही सुधारेल. ठेवा त्यांना."

मी भडंगाची बशी फिरवत होतो. सगळ्यांना वाटलं, यजमान आहे, दोन्ही बाजू सांभाळतोय. आतून मला उकळ्या फुटत होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरांची मान कुणाच्या तरी हातात आली होती.

कारण भांडण नुसतं हॉलपुरतं नव्हतं. दरवर्षीच्या जर्सी आम्ही पाठवतो, म्हणून संस्थेच्या सचिवांनी आम्हाला विचारलं होतं: सरांना ठेवावं की नाही, कतारच्या मंडळींचं मत लेखी कळवा. आम्ही हात वर करून मोजलं. ठेवा म्हणणारे सात, काढा म्हणणारे तीन. मी हात वर केलाच नाही. सरळ मत गेलं असतं तर सर राहिले असते.

जो गुळानं मरतो त्याला विष कशाला? आम्ही तर गुळाच्याच गावचे. आपल्याकडे संस्थेतून माणूस काढताना कुणी 'जा' म्हणत नाही. शाल घालतात, हातात नारळ देतात, मानपत्र वाचतात, आणि टाळ्या संपेपर्यंत माणूस माजी झालेला असतो. नारळ देणं याला मराठीत जो अर्थ आलाय तो उगीच आलेला नाही.

मी म्हणालो, "मत-बित काय कळवायचं? कोर्ट आहे का ते? सरांना तीस वर्षं झाली. आपण त्यांना मानपत्र पाठवू. संस्थेला कळू दे आपल्या मनात सर काय आहेत ते."

"नाद खुळा, दादा!" धाकटा ओरडला. "मानपत्र बघितल्यावर कुणाची टाप हाय सरांना हलवायची?"

तिघे विरोधकही तयार झाले. मानपत्राला नाही कोण म्हणणार? लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. बाकीच्यांचं मराठी लिहिणं व्हॉट्सअॅपपुरतं उरलंय, नोकरीत सगळं इंग्रजी.

चार दिवस जेवणाच्या सुट्टीत मी लिहीत होतो. पहिल्या दिवशी 'क्रीडामहर्षी' वगैरे लिहून पाहिलं. ते मलाच खोटं वाटलं, संस्थेला तर नक्कीच वाटलं असतं. मग मनात नसताना खरं आठवू लागलो. सर सगळ्यांच्या जर्सी घरी नेऊन स्वतः धूत, आणि सुटलेले नंबर त्यांच्या पत्नी शिवून देत. एका पोराचा पाय मोडला तेव्हा सरकारी दवाखान्यापर्यंत रिक्षात सर तो पाय दोन्ही हातांवर तोलून बसले होते. प्रॅक्टिसनंतर प्रत्येकाला दोन उकडलेली अंडी मिळत, आणि ती सर स्वतः सोलून देत. मी एकदा विचारलं होतं, सोलून कशाला? तेव्हा म्हणाले होते, सोललेलं अंडं खिशात घालून धाकट्या भावाला नेता येत नाही, खावंच लागतं. हे सगळं मी लिहिलं. लिहिताना एकदा डोळे भरून आले, त्याचा मला स्वतःचाच राग आला.

खरी करामत क्रियापदांत होती. एकही 'आहेत' नाही. सर धूत असत, देत असत, उभे राहत, सर आमचा आधार होते. आणि शेवटी एक वाक्य, ज्यावर मी पूर्ण दिवस घालवला: 'ज्यांनी तीस वर्षं स्वतःसाठी एक संध्याकाळ ठेवली नाही, त्यांच्या पुढच्या सगळ्या संध्याकाळी त्यांच्या स्वतःच्या असोत.' वाचणाऱ्याला आशीर्वाद वाटावा आणि सचिवांना सुटका.

शनिवारी मैदानावर सह्या घेतल्या. धाकट्यानं अंड्यांपर्यंत वाचलं आणि डोळे पुसत सही केली. रत्नागिरीवाल्यानं मात्र गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून शेवटपर्यंत वाचलं.

"काय रे, ह्यात सर हयात आहेत ना?"

"म्हणजे?"

"सगळं होते, होते, असत, असत. माणूस गेल्यावर लिहितात तसं."

"मानपत्राची भाषा अशीच असते," मी म्हणालो. त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो.

त्यानं खिशातून पेन काढलं. मग म्हणाला, "तू लिहिलंयस म्हणजे विचार करूनच लिहिलं असशील," आणि सही केली. मला वाईट वाटलं. पण पाठवायचं थांबवण्याइतकं नाही.

तिसऱ्या दिवशी सचिवांचं उत्तर आलं. कतारमधील माजी खेळाडूंच्या भावनांचा आदर राखून सरांना सन्मानानं जबाबदारीतून मुक्त करत आहोत, येत्या शुक्रवारी सत्कार, नवीन प्रशिक्षकाची नेमणूक झालेली आहे. म्हणजे संस्थेलाही हेच हवं होतं, फक्त दुसऱ्याच्या अक्षरात हवं होतं. ग्रुपवर आग लागली. "आपण असं कुठं म्हटलं होतं?" धाकट्यानं पाच वेळा लिहिलं. शेवटी सगळ्यांचं ठरलं की संस्थेनं आपल्या पत्राचा गैरफायदा घेतला. मीही लिहिलं, "हो ना, फार वाईट झालं." त्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये दोनदा कुनाफा, ती इकडची चीजची मिठाई, खाल्ला. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला पोरगी झाली तेव्हाच झाला होता.

सत्कार आम्ही माझ्याच टीव्हीवर पाहिला. सर वाळले होते, पांढरा शर्ट अंगात ढगळ झाला होता. शाल खांद्यावरून घसरत होती आणि ते ती पुन्हापुन्हा वर ओढत होते. एका प्राध्यापकानं मानपत्र वाचलं. माझी वाक्यं माझ्याच हॉलमध्ये परत येत होती. अंड्यांचं आलं तेव्हा सरांनी चष्मा काढला. मी वाट पाहत होतो, की आता कळेल, सगळ्यांसमोर काढून टाकल्यावर माणूस कसा दिसतो ते. पण सर हात जोडून उभे राहिले, एवढं प्रेम माझ्या पदरात मावत नाही म्हणाले, आणि नारळ काखेत घेऊन खाली उतरले. माझ्या सोफ्यावर धाकटा हुंदके देऊन रडत होता.

रात्री जेवताना माझ्या लक्षात आलं की सूड अर्धाच झालाय. मारलं कुणी हे ज्याला कळलंच नाही, त्याला मारून काय उपयोग? रविवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मी सरांना फोन लावला.

"सर, दोह्याहून बोलतोय. तुमचा गोलकीपर." मी पुढे वर्ष सांगणार होतो, त्यांनी थांबवलं.

"वळखलं की रं. मानपत्र तूच लिवलंस न्हवं? अंड्याचं तूच एकट्यानं इचारलं हुतंस." ते खूश होते. "लई चांगलं लिवलंस. आमच्या हिनं भिंतीवर लावलंय."

"सर, ते तुम्हाला काढायला लिहिलं होतं."

मग मी थांबलो नाही. सात विरुद्ध तीन सांगितलं, क्रियापदं सांगितली, संध्याकाळचं वाक्य सांगितलं. गळा केसानं कसा कापला ते एकेक करून सांगितलं. मग ग्लोव्हज. मग ते महिने, कॉलेजातले आणि गल्लीतले. आवाज चढला होता, बाहेरून जाणाऱ्या सिक्युरिटीवाल्यानं काचेतून डोकावून पाहिलं. शेवटी म्हणालो, "मी फुटलो नसतो, सर. सख्ख्या भावानं मारला असता तरी तो बॉल मी आत जाऊ दिला नसता."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं, घाव लागला. एकदाचा लागला.

"न्हाईच फुटला असतास," सर म्हणाले. "ते मला त्याच दिवशी कळलं हुतं. बाहेर बसून तू त्या पोराला वरडून वरडून जागा सांगत हुतास. कॉर्नर आला की डावीकडं सरक, डावीकडं सरक. तुझ्यामुळं तो गोल वाचला. मी बघत हुतो सगळं. माझं चुकलं. येऊन सांगाय पायजे हुतं, मला जमलं न्हाई."

हे ऐकायला मी बावीस वर्षं थांबलो होतो.

"पण आत्ता फुटलास, लेका," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "माझं सोड, मी म्हातारा, आज न्हाई उद्या जाणारच हुतो. तुझ्या त्या धा जणांनी तुझ्यावर इश्वास टाकून सह्या केल्या. त्यांना सांगितलंस काय?"

"नाही."

"मी बी न्हाई सांगत कुणाला. एकदा सगळ्यांच्या म्होरं तुझा अपमान केला हुता, परत न्हाई करत."

त्यांनी फोन ठेवला. मी गाडीतच बसून राहिलो. येत्या शुक्रवारी नव्या कोचची पहिली मॅच होती, आणि ती बघायला सगळे माझ्याच घरी येणार होते.