ब्रेक बेलाईदने बसवले होते

आमच्या गावात कुणालाही विचारा, थिझिरी कशी गेली? लहान पोरगंसुद्धा सांगेल, बापाने ब्रेक नीट बसवले नाहीत म्हणून. सहा वर्षं मी हे ऐकतोय आणि सहा वर्षं गप्प आहे. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. पस्तीस वर्षं या डोंगरात टपाल वाटलं, लोकांना त्यांची पत्रं वाचून दाखवली, आणि कुणी विचारलं नसताना त्यावर माझं मतही ऐकवलं. पण ही एक गोष्ट पोटात ठेवली, कारण बेलाईददादाने माझा हात धरून ते वचन घेतलं होतं. चार दिवसांपूर्वी त्याला आम्ही मातीत ठेवलं. आता लिहून मोकळा होतो. त्याच्या बायकोला, जौहरवहिनीला, वाचता येत नाही, तिचे कागद मीच वाचून दाखवतो, म्हणून लिहायची हिंमत करतोय.

बेलाईददादा माझा शेजारी. दोघांच्या अंगणांत कमरेएवढी दगडी भिंत, तीही माझ्या बकऱ्यांमुळे. तरुणपणी तो फ्रान्सला गेला आणि तिथे मोटारींच्या कारखान्यात एकोणीस वर्षं ब्रेक बसवत राहिला. नुसते ब्रेक. दुसऱ्या कशाला त्याने हात लावला नाही. आमच्या गावातले बाकीचे लोक तिकडून परत आले ते गुडघे धरून आणि बढाया मारत. हा आला तो एक पांढरी मोटार, पान्ह्यांची एक पेटी आणि एक सवय घेऊन. चाक काढलं की नट मोजून पत्र्याच्या वाडग्यात ठेवायचे, वाडगं उजव्या हाताला, आणि काम होईपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही. मी बोलायचो. मग तो पान्हा खाली ठेवून माझ्याकडे बघत बसायचा, माझं संपेपर्यंत.

आमचा रस्ता म्हणजे गावापासून नदीपर्यंत अकरा किलोमीटर उतार. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. अशा गावात ब्रेकचं काम येणाऱ्याला केवढा मान असेल ते सांगायला नको. नव्या नवरीची गाडी खाली निघायच्या आधी दादाच्या अंगणात यायची. त्याने "जा" म्हटलं की बायका आरोळ्या ठोकायच्या आणि वरात सुटायची.

थिझिरी त्याची एकुलती एक. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली. खालच्या गावात दवाखान्यात नर्स होती आणि रोज सकाळी बापाची पांढरी गाडी घेऊन जायची. मला बघितलं की काच खाली करून म्हणायची, "मेझियानकाका, आज कुणाची पत्रं फोडली?" मी म्हणायचो, "तुझीच. मुलगा बरा दिसतो." हसत हसत ती वळणावर दिसेनाशी व्हायची.

त्या वर्षी जैतुनाचा, म्हणजे ऑलिव्हचा, हंगाम जोरात होता. घाणा दिवसरात्र चाललेला, अख्ख्या गावाला तेलाचा वास. कपड्यांना तेल, दारांच्या कड्यांना तेल, पावालाही तेल. एका संध्याकाळी थिझिरी म्हणाली, "बाबा, ब्रेक दाबला की करकर वाजतंय."

दादाने चाकातून आत बोट घालून बघितलं आणि म्हणाला, "पॅडं संपली. डिस्कही खाल्ल्यात त्यांनी. दोन्ही बदलू."

"शुक्रवारी कर. शनिवारी सकाळी माझी ड्यूटी आहे."

शुक्रवारी दुपारी त्याने गाडीचा पुढचा भाग उचलला, जॅकवर विश्वास नको म्हणून खाली ओकचे दोन ओंडके सरकवले, आणि दोन्ही चाकं काढली. कॅलिपर, म्हणजे पॅडं दाबून धरणारे चिमटे, सोडवून तारेने वर टांगले, खालच्या नळीला ताण बसू नये म्हणून. जुन्या डिस्क, म्हणजे पॅडं ज्यांना घासून चाक थांबवतात त्या लोखंडी चकत्या, गंजाने चिकटलेल्या, त्या हातोड्याने ठोकून सोडवल्या. नव्या डिस्क कागदातून काढल्या. त्यांवर कारखान्याचा तेलकट लेप असतो, तो राहिला तर पॅड घसरतं आणि ब्रेक लागत नाही. तो त्याने पेट्रोलने दोनदा पुसला, बोटाने तपासला, आणि डिस्क ओट्यावर स्वच्छ गोणपाटावर उताण्या ठेवल्या. मी भिंतीवर बसून हे सगळं बघत होतो. म्हणून सांगतो, त्या हाताची चूक नव्हती.

तेवढ्यात मशिदीच्या भोंग्यावरून हाक आली. फ्रान्सहून शवपेटी आली होती. वरच्या आळीतला होसिन तिकडे वारला होता, विमान उशिरा उतरलं होतं, आणि अंधार पडायच्या आत माती द्यायची होती. आमच्या गावात अशी हाक आली की हातातला घास टाकून प्रत्येक पुरुषाने कुदळ घेऊन जायचं. न जाणाऱ्याच्या मातीला कोणी येत नाही. दादाने हात पुसले, कुदळ घेतली आणि आम्ही दोघं निघालो. काम तसंच अर्धवट राहिलं.

खडकाळ जमीन, तीन तास गेले. खालून धुकं वर आलं, भिजलेल्या गोधडीसारखं अंगावर बसलं. परत आलो तेव्हा संधिप्रकाश होता. घरात कोणी नव्हतं, जौहरवहिनी आणि थिझिरी होसिनच्या घरी रडायला गेल्या होत्या. दादाचे तळहात फोडांनी भरलेले. मी म्हटलं, "राहू दे आज."

"सकाळी पोरीला जायचंय."

त्याने दिवा टांगला आणि डिस्क चढवल्या. त्या चमकत होत्या. मला वाटलं, धुक्याने ओल्या झाल्यात. त्यालाही तसंच वाटलं असणार, कारण त्याने बाहीने वरवर पुसल्या. त्या पुसून, तपासून ठेवलेल्याच होत्या ना! पॅडं बसवली, कॅलिपर आवळले, नट मोजले. मग स्वतः गाडी घेऊन झऱ्यापर्यंत जाऊन आला. तो रस्ता सपाट आहे.

"थोडे मऊ लागतायत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"नवी पॅडं अशीच. डिस्कवर बसायला वेळ घेतात." सकाळी त्याने थिझिरीलाही तेच सांगितलं, "पहिले काही दिवस हळू जा, अंतर ठेव." ती म्हणाली, "बाबा, मी कधी जोरात गेलेय?" आणि खरंच ती कधी जोरात गेली नव्हती.

सातव्या वळणावर गाडी थांबली नाही. याहून जास्त मी लिहू शकत नाही.

पोलीस आले, कागद केले. चार दिवसांनी गावच्या पोरांनी दोरखंडांनी गाडी वर ओढून दादाच्या अंगणात आणून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीवरून बघितलं तर हा एकटा चाक काढत बसलेला. वाडगं उजव्या हाताला. मी गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोललो नाही.

त्याने पॅड बाहेर काढलं. काळं, ओलसर, साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत. ते नाकाशी धरलं. मग माझ्या नाकाशी धरलं. करपलेल्या जैतुनाच्या तेलाचा वास होता.

दोघांनीही एकदमच ओट्याकडे बघितलं. तिथे कोपऱ्यात जौहरवहिनीचा तेलाचा डबा आणि फडकं. विळा असो, कुदळ असो, झाडं छाटायची कात्री असो, उघडं लोखंड दिसलं की धुक्याच्या दिवसांत तिचं फडकं फिरलंच. तिच्या आईचंही फिरायचं, माझ्या आईचंही. गंज म्हणजे घरात शिरलेला आजार, असं आमच्या बायका मानतात. नवऱ्याने चकचकीत लोखंड धुक्यात उघडं टाकलंय, पोरीच्या गाडीचं आहे, तर आधी तेल लावू आणि मग रडायला जाऊ, एवढंच तिने केलं होतं. मनापासून केलं असणार, दोन्ही बाजूंनी.

 दादाने माझं मनगट धरलं. हाताचे फोड फुटलेले होते.

"मेझियान, हे तिला कळता कामा नये."

"अरे, पण लोक तुला..."

"मला म्हणू दे. मी सोसेन. तिला हे कळलं तर ती एक रात्र जगणार नाही."

"आणि तू?"

"मी जगून काय करायचंय ते मी बघतो. तू फक्त तोंड बंद ठेव. तुला जमत नाही, ठाऊक आहे मला. एवढ्या वेळेला जमव."

पॅडं आणि डिस्क त्याने दरीत फेकल्या. शुक्रवारी पंचांसमोर उभा राहून सांगितलं, "कॅलिपरचा एक नट मी आवळायला विसरलो. चूक माझी." एकोणीस वर्षं जो एकही नट विसरला नाही, तो हे सांगत होता, आणि त्या मूर्खांनी मान हलवून खरं मानलं. मला सगळ्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. आधी माझ्याच.

त्यानंतर एकाही गाडीने त्याच्या अंगणात पाय ठेवला नाही. नवऱ्यामुलाच्या गाड्या त्याच्या दारावरून जाताना वेग वाढवायच्या. जौहरवहिनी थिझिरीच्या खोलीत निजायला गेली. त्याचं ताट ती ओट्याच्या पायरीवर ठेवायची, कुत्र्याला ठेवतात तसं, आणि आत जायची. बोलायची ती फक्त एकच वाक्य, तेही भरल्या पाणवठ्यावर, लोकांना ऐकू जाईल असं, "माझी लेक खाल्लीस तू." तो मान खाली घालून घागर उचलायचा. तिचीच घागर, तिला पाठदुखी होती म्हणून.

सहा वर्षं. कधीकधी मी भिंतीवरून म्हणायचो, "सांगून टाकतो आता." तो म्हणायचा, "तुझ्या बकऱ्या माझा पाला खातायत, ते बघ आधी." गेल्या महिन्यात छातीत पाणी झालं त्याच्या. शेवटच्या दिवशी त्याने मला बोलावलं आणि बोट ओठांवर ठेवलं. बोलायचं त्राण नव्हतं. जौहरवहिनीने मातीच्या वेळी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

काल मातीनंतरच्या तिसऱ्या दिवसाचं जेवण, कुसकुसचं ताट, द्यायला मी गेलो. वहिनी ओट्यावर बसली होती. समोर दादाची पेटी उघडलेली, पान्हे ओळीने मांडलेले, बाजूला तेलाचा डबा. फडक्याने एकेक पान्हा चोपडत होती.

"बसा, भावजी," ती म्हणाली. "बघा, कसा गंज चढलाय. याला लोखंडाची काळजी कधी नव्हतीच. एवढा कारखान्यात राहून काय शिकला? त्या दिवशीसुद्धा त्या नव्या चकत्या धुक्यात उघड्या टाकून गेला मातीला. मी होते म्हणून. चांगलं तेल चोपडलं दोन्हीकडून, मगच घराबाहेर पडले."

 मी हातातलं ताट खाली ठेवलं.

"माझ्या लेकीची गाडी होती," ती म्हणाली. मग वर बघितलं. सहा वर्षांत तिचे डोळे मी इतक्या जवळून बघितले नव्हते. "त्याच्या हातून चुकलं. पण माझ्याकडून काही कमी पडलं नाही ना, भावजी?"

मी वाचून दाखवायचं काम पस्तीस वर्षं केलंय. वाईट बातमी कशी सांगायची हे मला येतं.

"नाही, वहिनी," मी म्हटलं. "तुमच्याकडून काही कमी पडलं नाही."

तिने फडकं डब्यात बुडवलं आणि पुढचा पान्हा घेतला.