सहा खुर्च्या, दोन औषधं आणि भाऊसाहेब

आमच्या केमोच्या डे-केअरला सहा खुर्च्या. एकदा सलाइन लागलं की पाच-सहा तास कोणी हलत नाही, मग माणसं बोलतात. नाशिकला मी तिथे अकरा वर्षं सिस्टर होते. किस्से सांगायला बसले तर चहाचे चार राउंड होतील! पण भाऊसाहेब आठवले की बाकीचे मागे पडतात.

मोबाइल नुकते खिशात यायला लागले होते तेव्हाची गोष्ट. भाऊसाहेब निफाडकडचे द्राक्षबागायतदार. पित्तनलिकेचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत पसरलेला, ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. आमचे डॉक्टर तरुण, भारी हुशार, पण समजावायला बसले की अर्धा तास! जेमसिटाबीन कशाला, सिसप्लॅटिन कशाला, दोन्ही एकत्र कशाला... भाऊसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे द्राक्षावरच्या डाऊनी रोगाला आम्ही दोन औषधं मिसळून मारतो, तसंच. एकाच औषधाला बुरशी सोकावती!"

दुसऱ्या दिवसापासून बागवाल्या पेशंटना डॉक्टर हेच सांगायला लागले.

डॉक्टर खोटं मात्र बोलत नसत. "हा मुळापासून जाणार नाही, भाऊसाहेब. दाबून ठेवता येईल. किती दिवस, ते सांगता येत नाही."

"पोरीला पाचवा लागलाय. नातवंड मांडीवर येईस्तोवर दाबा. बास!"

*

बागेच्या फवारणीची डायरी असते ना, तशीच त्यांनी केमोची ठेवली. कोणती बाटली, किती वाजता, उलट्या किती. एकदा मी सिसप्लॅटिन लावायला गेले तर हात आडवा. "ताई, आधीचं उलटीचं इंजेक्शन ऱ्हायलं."

मी चपापले. खरंच राहिलं होतं! त्या दिवसापासून मी बाटली लावायच्या आधी त्यांच्या डायरीत डोकावायचे. खोटं कशाला बोलू?

*

केमोच्या तिसऱ्या सायकलला किडनीचा रिपोर्ट बिघडला. डोस पुढे ढकलावा लागला. "पाणी भरपूर प्यायचं सांगितलं होतं ना?" डॉक्टर ओरडलेच.

भाऊसाहेब ओशाळले. "छाटणीच्या आधी आम्ही बागेचं पाणी तोडतो, ताण देतो. मग बाग जोरात फुटती. म्हटलं, अंगालाबी दोन दिवस ताण द्यावा..."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. तिकडून त्यांची बायको, आमच्या काकू, कडाडल्या, "अहो, तुम्ही माणूस हाय का वेल?" पुढच्या वेळेपासून काकू तांब्या घेऊनच शेजारी बसायच्या. काय बिशाद पाणी टाळायची!

*

नात झाली. बाराव्या दिवशी भाऊसाहेबांनी तिला मांडीवर घेतलं, आणि दोन दिवसांनी डोसला आले. मी नेहमीसारखा डावा हात धरला, कारण उजव्याला धड शीरच उरली नव्हती.

"डावा नगं, ताई. पोर ह्या हातावर झोपली होती. आजच्या दिवस ऱ्हाऊ द्या."

उजव्या हाताला चार वेळा टोचलं तेव्हा कुठे शीर सापडली. माणूस हूं की चूं करेना, नुसता हसत होता!

*

मग तो स्कॅन आला. गाठी वाढल्या होत्या, दोन्ही औषधं चालेनाशी झाली होती. डॉक्टर फाइल घेऊन खुर्चीसमोर उभे राहिले. "भाऊसाहेब... रिपोर्ट..." त्या महिन्यात असं सांगायची त्यांची ती तिसरी वेळ होती.

भाऊसाहेबांनी त्यांच्या तोंडाकडे एकदा बघितलं. उठले, फाइल काढून काकूंच्या हातात दिली आणि खांद्याला धरून डॉक्टरांना आपल्या खुर्चीत बसवलं.

"सायेब, सकाळपासून काय खाल्लं का?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

"अगं, डबा काढ."

काकूंनी भाकरीवर मेथीची भाजी वाढली. आमचे डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत बसून जेवत होते, डोळ्यांना धार लागलेली, आणि भाऊसाहेब शेजारी उभे राहून म्हणत होते, "सावकाश. अजून एक भाकर हाय."