भरून ठेवलेली बॅग

खेमसिंगची निळी बॅग धान्याच्या कोठीला टेकून आठ महिने उभी होती. भरलेली, कुलूप लावलेली. या आठ महिन्यांत घर दोनदा सारवून झालं, पोळा झाला, दिवाळी झाली, पण बॅगेला कोणी हात लावला नाही. त्याची बायको रुपीबाई तिच्या भोवतीनं झाडून घ्यायची. "बोलावनं आलं का उचलाची आन् निंगाचं," असं खेमसिंग म्हणायचा, आणि हे बोलावणं यायचं होतं कुवेतहून.

पुसदपासून बारा कोसांवर त्याचा बंजाऱ्यांचा तांडा. बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला. खेमसिंगच्या नशिबी क्रेन आली. राजूरला कोळशाच्या खाणीत एका ठेकेदाराकडे तो ती चालवायला शिकला, आणि तिथल्या भारत नावाच्या दोस्तानं त्याला कुवेतला ओढून नेलं. अकरा वर्षं झाली त्याला. दर दोन वर्षांनी दोन महिने घरी, बाकी सगळं आयुष्य जमिनीपासून शंभर हात वर, काचेच्या डब्यात. माणूस मुळातला कमी बोलणारा. तिथं वर बोलायला कोणी नव्हतं, त्यामुळे उरलीसुरली बोलण्याची सवयही गेली. पण ते काम त्याला मनापासून आवडायचं, हे खरं. अवजड लोखंड बोटाच्या इशाऱ्यावर हळूच जागेवर ठेवताना तो जेवढा सुखी असायचा, तेवढा जमिनीवर कधी नसायचा.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत तो रजेवर आला आणि मार्चमध्ये सगळं जग बंद झालं. विमानं उभी राहिली. मग सुरू झालं नियमांचं लचांड. भारतातून थेट यायचं नाही, आधी तिसऱ्या एखाद्या देशात चौदा दिवस राहा, तपासणी करा, मग या. कंपनीनं जागा राखून ठेवली होती, म्हणून खेमसिंग पुढच्या वर्षी जानेवारीच्या शेवटी दुबईला गेला. एका खोलीत सहा जण, खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत. दिवस मोजत बसला. अकराव्या दिवशी भारतचा फोन आला, "खेम्या, कुवेतनं दरवाजा लावला. भाएरचा मानूस कोनी येऊन नाही राह्यला." आज उघडेल, उद्या उघडेल करत आणखी दहा दिवस काढले आणि शेवटी तो परत फिरला. मुंबईला उतरल्यावर सात दिवस हॉटेलात बंद. तिथून तांड्यावर आला, तर लोकांनी वेशीवरच थांबवलं आणि आणखी सात दिवस शेतातल्या झोपडीत ठेवलं. रुपीबाई बांधावरच्या दगडावर भाकरी ठेवायची आणि मागं सरून लांबून ओरडायची, "जेवा!" तोही तिकडून ओरडायचा, "जेवतो!" नवराबायकोचा संसार एवढ्यावर आला होता.

सोडल्यावर तो घरी आला, बॅग कोठीला टेकवली आणि ती उघडलीच नाही. उघडली की परत भरावी लागेल, आणि आता भरायची त्याच्यात ताकद नव्हती.

मे महिन्यात दुसरी लाट आली. शेजारच्या तांड्यात आठवड्यात दोन माणसं तापानं गेली. लस देणारी माणसं दोनदा येऊन रिकाम्या हातानं गेली, कारण ती यायच्या दिवशी अख्खा तांडा भाकरी बांधून शेतात पळायचा. लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो, असं कोणीतरी मोबाइलवर पाहिलं होतं. तांड्याचे नायक उत्तमसिंग, म्हणजे तांड्याचा शब्द चालवणारा म्हातारा माणूस, त्यांनी स्वतः पुसदला जाऊन घेतली होती. पण ती घेताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं, आणि तांड्यात जे पाहिलं नाही ते झालं नाही.

नायक खेमसिंगकडे आले. "उद्या सेवालालच्या देवळापुढं टोचनार हायेत. तू पह्यला बस. तू परदेस पाहून आलेला, तुह्या दंडाकडं पाहून लोक बसतीन."

नायकाला नाही म्हणायची तांड्यात पद्धत नाही. खेमसिंग "हाव" म्हणाला.

पण एक अडचण त्यानं नायकांना सांगितली नाही. तीनच दिवसांपूर्वी भारतनं फोनवर बजावलं होतं, "ध्यान दे. घेशीन तं कोव्हिशील्डच घे. कोव्हॅक्सिन इकडं चालून नाही राह्यली." खेमसिंग त्यासाठी सोमवारी पुसदला जाणारच होता.

दुसऱ्या दिवशी देवळापुढं सत्तरेक माणसं जमली. जमली म्हणजे लांब लांब उभी राहिली, पाय पळायच्या बेतात. मध्ये एक प्लॅस्टिकची खुर्ची. तांड्याचीच सून संगीता आशाताई होती. टोचणाऱ्या सिस्टरच्या शेजारी ती वही घेऊन बसली होती. खेमसिंगनं वाकून हळूच विचारलं, "कोन्ती आली?"

"कोव्हॅक्सिन, भाऊ. आज हेच भेटलं."

"दुसरी कवा येते?"

एवढ्या हळू बोलूनही सगळ्यांत पुढं उभ्या असलेल्या म्हाताऱ्या सुखीबाईंनी ते टिपलं. एरवी त्यांना बैलगाडी ऐकू येत नाही. "काय रे खेम्या? काहून पुसतं? ही चांगली नाही का?"

बाकीचे दोन पावलं मागं सरकले. मागच्या दोन बाया तर घराकडं वळल्यासुद्धा.

खेमसिंगला तेव्हा सगळं एकदम कळलं. ही नको, दुसरी पाहिजे, एवढं तो म्हणाला की झालं. कुवेत, नियम, यादी, हे कोणी ऐकणार नव्हतं. परदेस पाहिलेल्या माणसानं ही लस नाकारली, एवढंच घरोघर जाणार होतं, आणि मग या तांड्याला कोणतीच सुई लागणार नव्हती. त्याला नायकाचा राग आला. सुखीबाईंचा आला. सगळ्यात जास्त राग आपण आदल्या दिवशी "हाव" म्हणालो त्याचा आला.

"चांगली हाय, याडी," तो म्हणाला. म्हाताऱ्या बाईला तांड्यात याडी, म्हणजे आई, म्हणतात. "सुई बारीक हाय का, म्हून पुसत होतो." आणि तो खुर्चीवर बसला.

लोक हसले. सुखीबाई म्हणाल्या, "एवढा मोठा गडी आन् सुईले भेते!" आणि त्याच्यामागं खुर्चीवर जाऊन बसल्या. मग नायकाची सून, मग इतर. रुपीबाई आठवी होती. त्या दिवशी एकसष्ट जणांनी घेतली.

जूनमध्ये कुवेतनं यादी जाहीर केली. ऑगस्टपासून दरवाजा उघडणार, पण यादीतली लस पाहिजे. कोव्हॅक्सिन यादीत नव्हती. पुसदच्या एजंटनं उपाय सांगितला: दुसरा डोस घेऊच नका, आधारऐवजी पासपोर्ट दाखवून दुसऱ्या लसीपासून नव्यानं सुरू करा, पहिली झालीच नाही असं समजा. पटलं त्याला. एके दिवशी सकाळीच तो पुसदला रांगेत जाऊन उभा राहिला. नंबर यायला चार माणसं उरली असताना मागून हाक आली. तांड्यातला फुलसिंग, गावी आलेल्या पाहुण्याला घेऊन आला होता.

"काका, तुमी परत? मंग ती पह्यली खोटी होती का?"

तांड्यातल्या निम्म्या लोकांचा दुसरा डोस बाकी होता. खेमसिंगनं रांगेकडं पाहिलं, फुलसिंगकडं पाहिलं. "नाही रे. मी तं असाच आलतो, बीपी पाहाले," म्हणाला आणि रांगेतून बाहेर पडला. त्या आठवड्यात त्यानं देवळापुढं, सगळ्यांदेखत, तीच लस दुसऱ्यांदा घेतली. सुखीबाई त्याच्या मागंच होत्या.

ऑगस्टपासून मुलगी राखी मोबाइल घेऊन त्याच्याजवळ बसायची. ती पुसदला कॉलेजात शिकत होती आणि अशा गोष्टींत तिला गती होती. कुवेतच्या साइटवर प्रमाणपत्र चढवायचं, आठ दिवस वाट पाहायची, नामंजूर. परत चढवायचं, परत नामंजूर. तीनदा झालं. चौथ्यांदा ती म्हणाली, "बा, अजून एक डाव पाहू," तेव्हा खेमसिंग म्हणाला, "राहू दे," आणि कपाशीत निघून गेला. त्याला कंटाळा आला होता. झोपून जाणारा कंटाळा नव्हे हा, हाडात बसलेला. कागद, तारखा, चौदा दिवस, बहात्तर तास, या सगळ्यानं त्याच्या नाकी नऊ आले होते.

ऑक्टोबरच्या मध्यात कंपनीचा निरोप आला. जागा भरली. तुमच्या सेवेबद्दल आभार. त्यानं तो एकदा वाचला आणि घरात कोणाला सांगितलं नाही. बॅग तशीच उभी राहिली. रुपीबाई तिच्या भोवतीनं झाडत राहिली, आणि तो ते बघत राहिला.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी राखी ओरडतच आली. "बा! कोव्हॅक्सिनले जागतिक आरोग्य संघटनेनं मानलं! आता बाकीचे देसबी मानतीन! तुमाले जाता येते!"

बैल गेला अन् झोपा केला. खेमसिंग खाटेवर बसून कपाशीच्या बोंडातली काडी काढत होता, ती काढत राहिला. "जागा भरली," तो म्हणाला. "मयना होत आला."

राखीचं तोंड उतरलं. ती बाहेर गेली.

रुपीबाई चुलीपाशी होती. तिनं भाकरी तव्यावरून उतरवली, हात पुसले आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"सकाळी भारतभाऊचा फोन आलता. तुमी शेतात होते." ती म्हणाली. "तो म्हने, म्या तं मे मयन्यातच खेम्याले सांगतलं होतं, ही घेऊ नोको म्हून."

खेमसिंगनं हातातलं बोंड खाली ठेवलं.

"तुमाले माहीत होतं? सुई टोचाच्या अगुदर?"

"हाव."

"अकरा वर्साचं काम होतं ते. मंग तवा बोलले काहून नाही?" तिचा आवाज चढला. "सगळ्याइपुढं नाही तं नाही, मले तरी सांगाचं! मले कायले लपवलं?"

"तुले सांगतलं असतं," खेमसिंग म्हणाला, "तं तू घेतली असती?"

देवळापुढची ती सकाळ रुपीबाईला आठवत होती. त्या वळलेल्या दोन बायांतली एक तीच होती.

"नाही," ती म्हणाली.

मग ती उठली, त्याच्या खिशातून किल्ली घेतली, बॅगेचं कुलूप काढलं आणि आतले कपडे एक एक करून खाटेवर ठेवायला लागली.