डब्यातली पिवळी नाणी

लग्नघरात मला कोणी रुखवत सजवायला बोलावत नाही, यादी करायला बोलावतात. नणंदेच्या मुलीचं लग्न धुळ्याला ठरलं तेव्हाही वही आपोआप जळगावला माझ्याकडे आली. मी चार रकाने आखले : वस्तू, कोण आणणार, कधीपर्यंत, स्थिती. 'नथ, आजोळकडून' या ओळीपुढे नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतःच्या अक्षरात 'तयार' असं लिहून ठेवलं. वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी बरोबरची खूण करत नाही. लग्नाला तीन आठवडे उरले होते, म्हणून म्हटलं, नाना, नथ दाखवा. नानांनी माळ्यावरून तुपाचा जुना डबा काढला.

डब्यात नाणी होती. वीस पैशांची, पिवळी, कमळाची. ही नाणी निघाली तेव्हा सरकारनं चुकून त्यांत सोनं घातलं आणि चूक कळल्यावर गुपचूप बंद केली, अशी एक बातमी आमच्या भागात बरीच वर्षं फिरत होती. ती कोणी छापली नव्हती, त्यामुळे तिच्यावर सगळ्यांचा विश्वास होता. नाना एसटीत कंडक्टर होते. पिवळं नाणं दिसलं की ते स्वतःच्या खिशातले वीस पैसे बॅगेत टाकत आणि ते नाणं रुमालात बांधत. नोकरी संपेपर्यंत त्यांनी हे केलं, निवृत्तीनंतर भाजीवाल्यांकडून मिळालेल्या सुट्यांतून करत राहिले. नातीची नथ या डब्यातून होणार हे त्यांनी नणंदेला ती मुलगी पाळण्यात असतानाच सांगून ठेवलं होतं. नणंदेनं त्यामुळे नथीची दुसरी काही सोय केली नव्हती.

मी 'तयार' खोडलं नाही. पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि डबा वर्तमानपत्रावर उलटा केला.

सगळी नाणी पिवळी नव्हतीच. काही काळी, काही तपकिरी, काही नुसती पिवळट. मी रंगांप्रमाणे ढीग लावले. नाना बाजूला बसून प्रत्येक ढिगाची ओळख सांगत होते, आणि ती मात्र पक्की होती. काळपट डागांची नाणी यावलच्या फेरीतली : केळी कापणाऱ्यांच्या हातांना चीक लागलेला, तो कपड्यांवरून जात नाही तसा नाण्यावरूनही जात नाही. कडेला लाल धरलेली दोंडाईच्याची, मिरचीच्या हंगामातली. वास घ्या म्हणाले. मी घेतला आणि शिंकले. एकसारखी काळी पडलेली त्यांच्याच चामडी बॅगेच्या तळाशी राहिलेली. कुठलं नाणं कुठल्या रस्त्यानं आलं हे त्या माणसाला रंगावरून सांगता येत होतं. कशाचं आहे, तेवढं सोडून.

रात्रभर सगळी चिंचेच्या पाण्यात टाकली. सकाळी बरीचशी आमच्या देवघरातल्या समईसारखी लखलखली, याचा अर्थ मला लगेच कळला. पिवळट ढिगातली तर पांढरीच निघाली. ती साधी नाणी होती, कुठल्या तरी हळदीच्या कार्यक्रमातून पिवळी होऊन आलेली. ती मी वेगळी काढून 'बाद' अशी चिठ्ठी लावली. नानांनी चिठ्ठी वाचली. संध्याकाळी माझ्या यजमानांना म्हणाले की हिनं चिंचेनं सोनं उतरवलं.

वादात वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. शनिवारी अर्धा दिवस रजा टाकून मी नानांना आणि डब्याला सराफ बाजारात नेलं. सराफ मारवाडी, आमच्या घरी तीन पिढ्यांचे. त्यांनी डब्यात नजर टाकली आणि माझ्याकडे असं पाहिलं की हा त्यांना आलेला पहिला डबा नसावा. पण नानांचा मान ठेवून त्यांनी काळा दगड पुढे ओढला आणि नानांनीच निवडलेलं नाणं त्यावर घासलं. सुंदर पिवळी रेघ उमटली. नानांनी माझ्याकडे पाहिलं. सराफांनी रेघेवर तेजाबाचा थेंब टाकला. रेघ फसफसली आणि गेली.

नानांनी दुसरं नाणं दिलं. मग तिसरं. आठव्या नाण्यानंतर ते थांबले. नाना एरवी माझ्याशी शुद्ध बोलत. त्या दिवशी गावचं बोलले.

"बठ्ठं पितय शे?"

"सगळं पितळच आहे, नाना," सराफ म्हणाले. "पण चांगलं पितळ."

मी मनात पर्याय मांडत होते : माझ्या पाटलीतून काही करता येईल का, नणंदेला पत्र लिहावं की ट्रंककॉल करावा, कोणी बोलावं. तेवढ्यात नानांनी टोपी काढली. त्यांच्या दोन्ही कानांत लहानपणापासूनच्या सोन्याच्या बाळ्या होत्या. इतक्या जुन्या की मला त्या कानाचाच भाग वाटत. एक सहज निघाली. दुसरीला सराफांना पकड घ्यावी लागली.

"हिची रेघ पाहा," नाना म्हणाले. "उडते का?"

उडाली नाही. सराफांनी दोन थेंब टाकून पाहिले.

परत येताना रिक्षात नानांनी मला दोन सूचना दिल्या. नथ डब्यातून झाली असं धुळ्याला सांगायचं. आणि डबा पुन्हा माळ्यावर ठेवायचा. बाळ्यांची नथ म्हटलं तर पोरगी घ्यायची नाही, एवढंच कारण दिलं. वीस वर्षांच्या बोलण्याचं काय, हे मी विचारलं नाही. घरी येऊन 'तयार'पुढचं प्रश्नचिन्ह खोडलं आणि शेरा लिहिला : 'डब्यातून'. माझ्या याद्यांमध्ये समजून-उमजून लिहिलेली ती पहिली खोटी नोंद.

लग्नात नथ फार गाजली. नानांनी यावलपासून दोंडाईच्यापर्यंतच्या सगळ्या फेऱ्यांची नावं घेत ती कशी जमवली ते सांगितलं. फेटा कानांवरून खाली ओढलेला होता. व्याह्यांकडचे दोन प्राध्यापक मिश्रधातूंवर बोलू लागले आणि त्यांनाही पटलं. जेवणाच्या पंगतीत मी स्वतः पाहिलं, वरपक्षाचे एक आबा पान खायच्या निमित्तानं सुटे काढून उजेडात धरत होते.

चार महिन्यांनी नणंदेचा दीर कामासाठी जळगावला आला. त्याच्याबरोबर तिनं एक कापडी पिशवी आणि चिठ्ठी पाठवली होती. पिशवीत पिवळी नाणी. चिठ्ठीत लिहिलं होतं : 'वहिनी, लग्नात फेटा उतरवल्यावर नानांचे कान मोकळे दिसले. विचारलं तर म्हणाले, बाळ्या टोचत होत्या. मला खरं वाटलं नाही, कुठे पडल्या असतील. इथे सगळ्यांना कामाला लावून ही जमवली आहेत. तुम्हाला ओळखता येतात, नीट तपासून घ्या आणि यातून त्यांना बाळ्या करून द्या. नानांना आधी सांगू नका.'

चिठ्ठी मी नानांच्या हातात दिली, कारण अशा गोष्टी लपवायला माझ्याकडे रकाना नाही. त्यांनी ती दोनदा वाचली. मग पिशवी ओतून घेतली आणि रीतसर ओळख पटवायला बसले : ही मिरचीची, ही देवळातली, हे कोणी तरी लोणच्यात पाडलेलं. मी कागद घेऊन शेजारी बसले आणि निकालाच्या रकान्यात 'पितळ' लिहायला पेन टेकवलं.

"पितळ नको लिहू," नाना म्हणाले.

"मग काय लिहू?"

त्यांनी सगळी नाणी पुन्हा पिशवीत भरली, गाठ मारली, हातावर तोलून पाहिली.

"लिही, चांगली आहेत. थोडी कमी पडतात."

मी तसंच लिहिलं. पुढच्या सहा वर्षांत धुळ्याहून अशा पाच पिशव्या आल्या, आणि प्रत्येक वेळी थोडी कमीच पडली.