पावडरचे ठिपके

दवाखान्याच्या तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या थंड खोलीत ताईंनी एकोणीस वर्षं बायकांच्या छातीचे फोटो काढले. मॅमोग्राफी म्हणतात त्याला. गाठ हाताला लागायच्या आधी यंत्राला दिसावी, म्हणून ही सगळी उठाठेव. यंत्राची पट्टी छाती दाबते तेव्हा भल्याभल्या बायका कळवळतात. ताई बोलत राहायच्या. "श्वास धरा. झालं, झालंच. एकदा नवऱ्याला आणून उभं करू का इथे?" बाईला हसू फुटेपर्यंत फोटो निघालेला असायचा.

एकाच गोष्टीने त्यांचं डोकं फिरायचं, ती म्हणजे पावडर. अंगावरची पावडर फोटोत पांढऱ्या ठिपक्यांसारखी उमटते, आणि आजाराची सुरुवातही कधीकधी अगदी तशीच दिसते. दारावर मोठ्या अक्षरांत सूचना होती. तरीही कुणी लावून आलीच, तर ओल्या कापडाने पुसून फोटो पुन्हा. रडा, ओरडा, सुटका नाही.

गय केली ती एकदाच, गेल्या वर्षी, सख्ख्या धाकट्या बहिणीची. ती लहानपणापासून पावडरीत लोळणारी. घरात तिला 'पिठाची गिरणी' म्हणायचे. तिच्या फोटोत ठिपके दिसले आणि ताईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"पुन्हा नको दाबूस गं, जीव जातो माझा," बहीण रडकुंडीला आली.

ताई विरघळल्या. फॉर्मवर त्यांनी लिहिलं, 'त्वचेवर पावडर'. ताईंनी लिहिलंय म्हटल्यावर डॉक्टरांनी डोळे झाकून सही केली.

या वर्षी बहीण ऐटीत आली. "आज पावडर नाही हं. तुझी बोलणी कोण खाणार?"

ठिपके तिथेच होते. वाढले होते. डॉक्टरांनी जुना फोटो नव्याशेजारी लावला, फॉर्मवरचं अक्षर ओळखलं आणि तो फॉर्म नुसता ताईंपुढे सरकवला. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर ताईंना बरं वाटलं असतं.

बाहेर बाकावर बसून बहीण मानेला पावडर फासत होती. "काय गं, या वेळी तरी स्वच्छ आला ना फोटो?"

ताई शेजारी टेकल्या. आणखी तपासण्या करू, एवढं म्हणून भागलं असतं. जुना फॉर्म बहीण जन्मात बघणार नव्हती.

त्यांनी तिच्या हातातली डबी घेतली, झाकण लावलं.

"गेल्या वर्षीचे ठिपकेही पावडरचे नव्हते गं," त्या म्हणाल्या. "पावडर आहे असं मीच लिहिलं होतं."