झुंबरकाकूचा धुरा

इंद्रभानभाऊंनी पाप केलं ते तोंड न उघडता, आभाळाकडे पाहत. लांबून कुणी पाहिलं असतं तर प्रार्थना चाललीय असंच वाटलं असतं.

वरवट बकालच्या अलीकडे आमचं गाव. गावात ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी, त्यांतलं एक भाऊंचं. भाऊ जन्मापासूनच सज्जन होते असं मात्र कुणी समजू नये. तरुणपणी ते बैलांना अशा शिव्या घालत की बैलच लाजून माना खाली घालत. मग आईच्या आजारपणात एक पाळक येऊन उशाशी प्रार्थना करून गेले, म्हातारी उठून बसली, आणि भाऊ रविवारी वरवटच्या पत्र्याच्या प्रार्थनामंदिरात जाऊ लागले. तंबाखू सुटली. शिव्या सुटल्या, बैलांना म्हणे काही दिवस करमेना. स्वभाव बदलायला वर्षं गेली, पण बदलला. पुढे पुढे तर गावात भांडण तुटेनासं झालं की लोक म्हणत, "इंद्रभानले विचारा. येशूवाला हाय तो, खोटं नाही बोलत."

खोटं ते याही वेळी बोलले नाहीत. तीच तर गोम.

उन्हाळ्यात नांगरटीला भागवतचा ट्रॅक्टर लावला होता. भाऊंच्या वावराला लागून झुंबरकाकूचं वावर आणि मधे मातीचा बांध, म्हणजे धुरा. काकूचा नवरा उकंडराव वारला, मुलगा कामासाठी सुरतेला. शेत काकू एकटी पाहते. भागवतनं ट्रॅक्टर वळवता वळवता विचारलं, "काका, धुऱ्याले किती चिकटू?"

या प्रश्नाचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. धुऱ्याचा काठ नांगराखाली घेतला की आपलं वावर वीतभर रुंद होतं. शेजारी गप्प बसला की पुढच्या साली आणखी वीतभर. "नको चिकटू", एवढंच म्हणायचं होतं. भाऊंनी आभाळाकडे पाहिलं. भागवत मोठा समजूतदार माणूस, त्याला न सांगितलेलंही ऐकू येतं. धुरा सोललेल्या काकडीसारखा बारीक झाला.

तेव्हापासून भाऊंचं अन्नावरचं मन उडालं. रविवारी पाळक नेमके आज्ञापालनावर बोलले. वचन ऐकणारे पुष्कळ, आचरणात आणणारे थोडे, असं म्हणून त्यांनी सारखं भाऊंकडेच पाहिलं. खरं म्हणजे ते भाऊंच्या डोक्यावरच्या घड्याळात पाहत होते, पण पाप पोटात असलं की घड्याळाकडे गेलेली नजरही अंगावर येते. भाऊंनी देवाकडे माफी मागितली. पुन्हा मागितली. मिळाल्यासारखं काही वाटेना. मनात एकच येई: फावडं घे.

त्यांनी घेतलं. पण कसं? पोत्यात गुंडाळून. आणि केव्हा? भर दुपारी, शिवारात चिटपाखरू दिसत नसताना. ट्रॅक्टरनं ओढलेली माती ते पुन्हा धुऱ्यावर टाकू लागले. अर्धा धुरा झाला असेल, तोच बकरी शोधत झुंबरकाकू हजर!

"अरे मुडद्या! दिवसाढवळ्या धुरा कोरून राह्यला काय रे माहा!"

धुरा चोरणारा आणि धुरा परत करणारा लांबून अगदी सारखे दिसतात. दोघांच्या हातात फावडं असतं आणि दोघंही घाबरलेले असतात. काकूच्या आवाजानं पलीकडच्या लिंबाखाली आडवे झालेले वामनराव आणि आणखी दोघं-तिघं धावत आले. वामनरावांनी वाकून पाहिलं.

"थांब वं काकू. कोरून नाही, माती टाकून राह्यला तो. तुह्याच धुऱ्याले!"

वामनरावांनी डोक्यावरची टोपी काढली. "याले म्हणते देवमाणूस. एकट्या बाईचा धुरा खचला तं कोनाले न सांगता भरून राह्यला. आपल्याले सुचलं काय बे हे?"

काकूनं पदर डोळ्यांना लावला. "अन् मी तुले मुडद्या म्हणलं रे बापा!"

तोंड उघडायची ही दुसरी वेळ होती. भाऊंनी पुन्हा आभाळाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी काकूकडून टोपलीभर कुरडया आल्या. अंबूबाईंनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, लगेच तळल्या. कुरडई ही काही गुपचूप खाता येणारी वस्तू नाही. भाऊंनी एक उचलली, तिचा कुर्रकन टवका उडाला आणि त्यांनी ती तशीच खाली ठेवली.

"मी काय म्हणते," अंबूबाई दुसरी कुरडई मोडत म्हणाल्या, "पुण्याचं काम कराले गेलते, तं फावडं पोत्यात गुंडाळून काऊन नेलं?"

"ऊन होतं."

"फावड्याले ऊन लागून राह्यलं होतं?"

भाऊ उठून गोठ्यात गेले. बैलांनीही त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

रविवारपर्यंत कीर्ती वरवटला पोचली. पाळकांचा चेहरा फुलला होता. "आज आपले इंद्रभानभाऊ साक्ष देतील," ते म्हणाले. "प्रीती कशी आचरावी, हे त्यांच्याच तोंडून ऐकू."

भाऊ उभे राहिले. सतरंजीवर बसलेल्या सगळ्या माना वळल्या. भाऊ घामानं निथळत होते.

"पाळकसाहेब, मले पहिले झुंबरकाकूकडे जाऊन येऊ द्या."

"आत्ता?"

"आत्ताच. मंग तोंड राह्यलं तं साक्ष देतो."

उन्हाळ्याचे दिवस, त्यामुळे लोकांनी पोटाचाच काही प्रकार असावा असं धरलं. अंबूबाईंनी मात्र गुडघे आवरून वाट दिली.

काकू अंगणात ज्वारी पाखडत होती. भाऊंनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं: भागवतचा प्रश्न, आपलं गप्प बसणं, पोत्यातलं फावडं, आणि नंतरचं दुसरं गप्प बसणं. सूप थांबलं.

"म्हणजे मी मुडद्या म्हणलं ते बरोबरच होतं."

"हाव, काकू."

"रडली ते फुकट."

"हाव."

"अन् कुरडया?"

"अंबूनं खाल्ल्या. मह्यानं नाही खाल्ल्या गेल्या."

"बरं झालं. तिनं काही चोरलं नव्हतं." काकूनं सूप बाजूला ठेवलं. "माणूस गेला तवापासून तीन बाजूचे धुरे रोज पाहून येते मी, इंद्रभान. तुह्या बाजूचा कधी नाही पाह्यला. आता तोबी पाहा लागन काय?"

भाऊंना वाटलं होतं, काकू ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. त्यांची नजर सवयीनं वर गेली.

"वर काय पाहून राह्यला? इकडं पाहाय, मह्याकडं."

त्यांनी पाहिलं. किती वेळ पाहावं लागलं, ते त्यांनाच ठाऊक.

गावाला कळवायचं काम काकूनं स्वतः केलं आणि ते ती फार नीट करते. संध्याकाळी वामनराव पारावर म्हणाले, "त्या दिवशी टोपी उगाच काढली." सोमवारी सकाळी भाऊ धुऱ्यावर हजर. पोतं नव्हतं, फावडं उघडं खांद्यावर. काकू डोक्यावर पदर घेऊन धुऱ्याच्या टोकाला बसली. भाऊंनी दोन टोकांच्या हद्दीच्या दगडांच्या रोखानं दोरी ताणली, पण ताणताना स्वतःच्या वावरात हातभर आतच धरली.

"दोरी मांगं घे."

"राहू द्या काकू. तुमालेच होईन थोडं."

"मले तुहं नाही पाहिजे रे. मले माहं पाहिजे."

भाऊ ओशाळले. वीतभर चोरून हातभर परत द्यायचं आणि त्यात पुन्हा देवमाणूस व्हायचं, हा बेत मनात कधी शिजला ते त्यांनाही कळलं नव्हतं. त्यांनी दोरी मागे घेतली, बरोब्बर दगडावर, आणि माती टाकायला लागले.

ऊन चढलं. काकू शेवटच्या फावड्यापर्यंत जागची उठली नाही. आणि भाऊंनीही, उन्हात बसू नका, घरी जा, असं एकदाही म्हटलं नाही.