टॉवेलाखालचा सौदा

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेर कोयनानगरचं, धरणाच्या वसाहतीतलं. तिथं जमीनसुद्धा न विचारता हलते, मग आम्ही का गप्प बसायचं? लग्न होऊन सांगलीत हळदीच्या व्यापाऱ्यांच्या घरात आले, तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, चार दिवस माझं बोलणं ऐकून घेतलं आणि सासूबाईंना म्हणाले, "सातारची हाय नव्हं, चालायचंच."

घरचा धंदा आडतीचा. शेतकऱ्याची हळद बाजारात लावायची, खरेदीदार गाठायचा, सौदा पार पाडायचा. नवरा माधवनगरचं गोदाम बघायचा आणि बाप-बायकोच्या भांडणात चुकूनही पडायचा नाही. मी कित्येक वर्षं बिलं लिहिली. नीट लिहिली, पण जीव रमला नाही. माल थेट परदेशी पाठवायची टूम माझी. मामांना ती अजिबात पटली नव्हती. शेवटी कंटाळून म्हणाले, "कर एकदा. जमलं तर बघू. एक जरी सौदा मोडला तरी गाशा गुंडाळायचा आन् बिलांवर बसायचं." मी हो म्हटलं. दोन वर्षं थोडा थोडा माल पाठवला, नमुन्यांवर नमुने धाडले, आणि तिसऱ्या वर्षी हॉलंडच्या एका बाईंनी मोठा करार केला. वर्षभराची हळद, एकाच वेळी, ठरल्या भावानं. मी त्या दिवशी बासुंदी केली होती.

आणि मग लॉकडाऊन लागला.

बाजार बंद, पॉलिशची मिल बंद, हमाल आपापल्या गावी. हळकुंडं गोदामात निवांत पडलेली, मी मात्र घरभर येरझाऱ्या घालतेय. मामा टीव्हीसमोर बसून काढा पीत होते. मला म्हणाले, "तुझं जहाज कुटं आलं गं?" असा राग आला! पण बोलणार काय? जहाज सोडा, माझा ट्रक गोदामाच्या दारातून हलत नव्हता.

पुण्याचे एक वकील ओळखीचे होते. त्यांनी फोनवर करार वाचून घेतला आणि एका कलमावर थांबले. फोर्स मेजर. कोणाच्याच हातात नसलेलं संकट आलं तर करार पाळता आला नाही म्हणून कोणी दोषी नाही, असा त्याचा अर्थ. खाली यादी होती: भूकंप, पूर, युद्ध, संप, सरकारी आदेश. मी म्हटलं, म्हणजे आपलं अस्मानी-सुलतानीच की! भूकंपाचं मला कौतुक नव्हतं. आमच्याकडे भांडी वाजली की आई गॅस बंद करून अंगणात यायची, शेजारणीशी दोन शब्द बोलायची आणि आत जाऊन भाजी पुन्हा गॅसवर चढवायची. पूर तर सांगलीनं आदल्याच पावसाळ्यात पाहिला होता. साथीचा रोग मात्र यादीत नव्हता. वकील म्हणाले, "सरकारी आदेश आहे ना, तेवढा पुरे. नोटीस पाठवा आणि मोकळ्या व्हा. हळदीला आता मागणी आहे, दुसरीकडे विकाल."

मोकळ्या व्हा! त्यांना काय जातंय म्हणायला? मी मोकळी झाले की सरळ बिलांच्या टेबलावर. नोटिशीचा मसुदा आला, तो मी तसाच ठेवला आणि बाईंना निरोप धाडला, की आधी बोलूया.

व्हिडिओवर बोलायचं ठरलं. त्यांची सकाळ, आमची दुपार. मामा म्हणाले, "मी बसणार." मी म्हटलं, "आवं मामा, इंग्रजी आहे सगळं." तर म्हणे, "सौदा हाय नव्हं? मग मला कळतंय." धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, खांद्यावर टॉवेल घेऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. सासूबाईंनी मिक्सर बंद ठेवला आणि दाराआड उभ्या राहिल्या.

बाई चांगल्या होत्या. तब्येतीची विचारपूस झाली, मामांना त्यांनी नमस्ते केलं. मामांनी मान हलवली आणि चेहरा असा दगडी करून बसले, की बाईंना वाटलं आमचं इंटरनेट अडकलं. "तुमचं चित्र थांबलंय," म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही हो, हे सासरे आहेत." मामांच्या तरुणपणी बाजारात भाव तोंडानं बोलायचे नाहीत. दोघांनी कापडाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलू द्यायची नाही. त्या चेहऱ्यासमोर आता हॉलंड होतं.

बाई मुद्द्यावर आल्या. साथ यादीत नाही, त्यामुळे उशीर तुमच्याकडून झाला असं आमचे वकील म्हणतात. थोडा डिस्काउंट द्या. हा शब्द मात्र मामांना बरोब्बर कळला. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, आमच्या दोघांच्या मधे टेबलाच्या कडेवर पसरला आणि त्याखालून हात पुढे केला.

मला क्षणभर कळेचना. आमच्या घरात सून सासऱ्यांच्या हातात पाण्याचा तांब्यासुद्धा देत नाही, खाली ठेवते. शिवाय त्या कापडाखाली बाईमाणसाचा हात कधी गेल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. दाराआडून सासूबाई "अगंबाई" म्हणाल्या. मी हात घातला. मामांनी माझी दोन बोटं धरून दाबली. दोन टक्के सोड.

मी बाईंकडे बघत होते आणि एक गोष्ट मला सारखी खुपत होती. माल कधी निघणार, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. ज्याला माल पाहिजे तो पहिल्यांदा तेच विचारतो. म्हटलं, "तुमच्याकडची हॉटेलं कशी आहेत?" बाईंनी समोरचे कागद सारखे केले. मग म्हणाल्या, सगळी बंद. त्यांचा निम्मा खप हॉटेलांचाच होता. म्हणजे झालं होतं असं, की मला माल पाठवता येत नव्हता आणि त्यांना तो घेता येत नव्हता. करार आधी कोण मोडतंय याची वाट आम्ही दोघी अगदी सभ्यपणे बघत होतो!

टॉवेलाखाली मामांनी पुन्हा बोटं दाबली, या वेळी जोरात. मी हात काढून घेतला.

"डिस्काउंट नाही," मी म्हटलं. "भाव तोच. वाट उघडली की निम्मा माल घ्या, उरलेला तुमची हॉटेलं सुरू झाल्यावर. तोवर गोदाम माझं. आणि या साथीच्या नावानं करार तुम्हीही मोडायचा नाही, मीही नाही. तसं एक कलम लिहून घालू."

बाई हसल्या. इतक्या मोकळ्या हसल्या की त्यांचा घोर कळला मला. "लिहू या," म्हणाल्या.

लॅपटॉप मिटला. मामांनी टॉवेलाची घडी केली, खांद्यावर टाकली आणि ओसरीवर जाऊन बसले. करार टिकला होता, पण थोरल्या माणसाचा हात मी झिडकारला होता, तोही परक्या बाईसमोर. सासूबाई म्हणाल्या, "जेवून घे आधी." संध्याकाळपर्यंत मामा बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही फक्त चहा मागितला.

पुढं बाजार उघडला, निम्मा माल ठरल्या भावानं हॉलंडला निघाला. एका दुपारी ओसरीवर मामांचा फोन वाजला. त्यांच्या ओळखीचा जुना दलाल होता, पलूसकडच्या मालाचं विचारत होता. मी आत होते, ऐकू येत होतं.

"मला न्हाई इचारायचं आता," मामा म्हणाले. "व्हय, बरा हाय की मी, लय बरा हाय. पर सौदा सूनबाई करती. आरं गड्या, मी बोटं दाबली तर तिनं हात काढून घेतला. माझा! व्हय. आन् माझंच चुकत हुतं."

मग आत येऊन त्यांनी फोन पुढे केला. खाली ठेवला नाही, थेट माझ्या हातात दिला. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. पदरानं नाक पुसलं, फोन कानाला लावला.

"बोला," मी म्हटलं. "माल किती आहे?"